विश्वासातून घसरल्यानंतर परत कसे यावे

ख्रिस्ती मनुष्य पाप करतो, तेव्हा त्याला सर्वांत आधी सुचते ते लपणे. प्रार्थना थांबते, बायबल आठवडेच्या आठवडे उघडले जात नाही, रविवारच्या उपासनेला न जाण्यासाठी काही ना काही कारण निघते, आणि मनाशी एक हिशेब सुरू होतो: आधी थोडे सावरू, चार-दोन महिने नीट वागून दाखवू, मग देवापुढे जाऊ. हा हिशेब वरवर नम्रतेचा वाटतो, पण परतीच्या वाटेवरचा सर्वांत मोठा अडथळा तोच आहे. पुढे जे काही सांगितले आहे ते सगळे एकाच समजुतीवर उभे आहे: आधी परत यावे, सुधारणा त्यानंतर, देवाच्या सान्निध्यात राहून होत जाते.

पतन सगळ्यांचे सारखे नसते. कोणी एखादे गंभीर पाप करतो आणि त्याच रात्री हादरतो. कोणी वर्षानुवर्षे हळूहळू दूर जातो आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येते की आपला विश्वास नावापुरताच उरला आहे. कोणी भीतीपोटी किंवा स्वार्थापोटी उघडपणे ख्रिस्ताला नाकारतो. परत येण्याचा वेग या तिघांचा वेगळा असेल, पण वाट एकच आहे.

ज्या दिवशी कळले त्याच दिवशी वळावे

लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील, बापाची मालमत्ता उधळून बसलेला धाकटा मुलगा डुकरांच्या शेतात शुद्धीवर येतो, तेव्हा तो बापाला काय म्हणायचे ते आधीच मनात जुळवून ठेवतो. त्यात तीन गोष्टी आहेत: मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यासमोर पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, आणि मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. प्रत्यक्ष भेट होते तेव्हा पहिल्या दोन गोष्टी त्याच्या तोंडून निघतात, पण तिसरी निघत नाही. बाप तोवर चाकरांना उत्तम झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगून मोकळा झालेला असतो. मोलकरी होऊन कर्ज फेडण्याची योजना ऐकूनच घेतली जात नाही. शिवाय हा बाप मुलगा दूर असतानाच धावत गेला आहे, म्हणजे मुलाच्या अंगावरचे कपडे अजून तेच आहेत आणि त्याने अजून काहीही सिद्ध केलेले नाही.

म्हणून जाणीव झाली त्याच दिवशी, मिळेल त्या जागी, थोडक्या शब्दांत प्रार्थना करावी. शब्द सुचत नसतील तर लूक 18मधील जकातदाराचे शब्द पुरेसे आहेत: हे देवा, मज पाप्यावर दया कर. मंदिरात दूर उभा राहून, वर पाहण्याचेही धाडस न करता, छाती बडवून त्याने एवढेच म्हटले, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला असे येशूने सांगितले. सविस्तर कबुलीला नंतर वेळ आहे. आज फक्त तोंड वळवायचे आहे.

आपले दुःख कोणत्या दिशेने नेत आहे ते पाहावे

पापानंतर वाईट वाटणे म्हणजे पश्चात्ताप, असे सर्रास समजले जाते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 7व्या अध्यायात पौल दोन दुःखे वेगळी करतो: ईश्वराला अनुसरून होणारे दुःख, जे पश्चात्तापाकडे व तारणाकडे नेते, आणि जगाचे दुःख, जे मरणाकडे नेते. या दोन्ही दुःखांत अश्रू असतात, झोप उडते, स्वतःची लाज वाटते. मग फरक ओळखायचा कसा?

येशूच्या अटकेच्या रात्री आणि तिच्या पाठोपाठच्या सकाळी याची दोन उदाहरणे सापडतात. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योत या शिष्याला पस्तावा झाला. मत्तय 27मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. त्याने चांदीची तीस नाणी परत नेली, आपण निर्दोष रक्त धरून दिले हेही कबूल केले. कबुली होती, भरपाईचा प्रयत्नही होता. पण तो गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी, आम्हांला त्याचे काय, तुझे तूच पाहून घे, असे म्हणून त्याला वाटेला लावले. पेत्र या शिष्याने अटकेच्या रात्री, कोळशांच्या विस्तवापाशी शेकत असताना, येशूला तीन वेळा नाकारले आणि बाहेर जाऊन तो दुःखाने रडला. त्याचे पाप हलके नव्हते. मी मेलो तरी तुला नाकारणार नाही, असे त्याने काही तासांपूर्वीच सांगितले होते. परंतु तो इतर शिष्यांपासून तुटला नाही, आणि पुढे योहान 21मध्ये किनाऱ्यावर उभा असलेला प्रभू आहे हे कळताच, नाव किनाऱ्याला लागण्याची वाट न पाहता त्याने समुद्रात उडी टाकली. मला तरी या दोघांतला फरक अश्रूंच्या प्रमाणात दिसत नाही. एकजण आपले दुःख घेऊन येशूपासून दूर गेला आणि दुसरा त्याच्याकडे गेला.

किनाऱ्यावर येशूने पुन्हा कोळशांचाच विस्तव पेटवलेला होता. नाकारण्याची जागा त्याने टाळली नाही, आणि प्रश्नही तीनदा विचारला: तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटले. देवाची क्षमा जखमेवरून नुसता हात फिरवत नाही. ती जखम उघडून धुते आणि मगच बांधते.

तेव्हा स्वतःला विचारावे की हे दुःख मला प्रार्थनेकडे, कबुलीकडे, दुखावलेल्या माणसाकडे ढकलत आहे, की एकांताकडे आणि स्वतःला शिक्षा करण्याकडे? दुसरे घडत असेल तर ते दुःख कितीही धार्मिक वाटले तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर आजच, आत्ताच, जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. त्यात विश्वासाची काही उणीव नाही.

पापाला त्याच्या नावाने हाक मारावी

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बहुतेकांची परतीची वाट इथेच अर्धवट राहते. शास्त्रात दोन राजांच्या दोन कबुल्या आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. पहिले शमुवेल 15मध्ये शौल म्हणतो, मी पाप केले आहे; पण लगेच पुढे सांगतो की मी लोकांना भ्यालो, आणि थोड्या वेळाने शमुवेलाला विनंती करतो की निदान वडीलजनांसमोर तरी माझा मान राख. दुसरे शमुवेल 12मध्ये नाथान संदेष्टा दाविदाला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो, दावीद त्या निर्दय श्रीमंतावर संतापतो, आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. दाविदाचे उत्तर एका वाक्याचे आहे: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. त्यापुढे ‘पण’ नाही. ज्या परस्त्रीशी त्याने व्यभिचार केला त्या बथशेबेचे सौंदर्य, युद्धाचा ताण, राजाचा एकटेपणा, यांपैकी काहीही तो पुढे करत नाही.

एक कागद घ्यावा आणि लिहावे. काय केले, कोणाविरुद्ध केले, कधीपासून करत आलो, ते झाकण्यासाठी कोणाला काय खोटे सांगितले. वाक्यांचा कर्ता ‘मी’ असावा. ‘माझ्याकडून काही चुका झाल्या’, ‘परिस्थितीच तशी होती’, ‘हे देवा, मी अशक्त आहे’ अशी वाक्ये खोटी नसतात, पण त्यांच्या आड पाप सुखाने बसून राहते. त्याऐवजी असे लिहावे: ‘प्रभू, मी माझ्या भावाचे पैसे त्याला न विचारता वापरले. त्याने विचारले तेव्हा मी खोटे बोललो. गेले वर्षभर मी त्याला टाळत आहे आणि तोच माझ्याशी नीट वागत नाही असे घरात सांगत आहे.’ असे लिहिताना हात अडतो. जिथे अडतो तिथेच थांबून ते वाक्य पूर्ण करावे.

कृतीच्या मागे काय होते हेही पाहावे: लोभ, सूड, कोणीतरी आपल्याला मोठे म्हणावे ही भूक, की देव आपली काळजी घेणार नाही हा अविश्वास. जे पाप नव्हते ते मात्र कबूल करत बसू नये. आजारपणामुळे उपासनेला जाता आले नाही, शोकात प्रार्थना सुचली नाही, मनात शंका आल्या, हे अपराध नव्हेत. तसेच जिच्यावर किंवा ज्याच्यावर दुसऱ्याने अत्याचार केला, त्या व्यक्तीने त्या अत्याचाराबद्दल पश्चात्ताप करायचा नसतो, मग कोणी काहीही सांगो.

लिहून झाल्यावर तो कागद देवापुढे मोठ्याने वाचावा, त्यानंतर स्तोत्र 51 सावकाश म्हणावे, आणि कागद फाडून टाकावा, म्हणजे तो भलत्या हाती पडणार नाही. स्तोत्र 32ही वाचावे. पाप लपवले तोवर आपली हाडे झिजत गेली आणि कबूल केल्यावर दोष दूर झाला, असे त्यात म्हटले आहे. मौनाचा भार शरीरालाही सोसावा लागतो हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे स्तोत्र समजावून सांगावे लागत नाही.

माणसापुढे कबुली

इथे ख्रिस्ती परंपरांत मतभेद आहेत आणि वाचकाने आपल्या परंपरेचा मान राखावा. कॅथलिक ख्रिस्तसभेत पापनिवेदन हा संस्कार आहे: विवेकाची तपासणी, पापाबद्दल खरे दुःख, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूपुढे निवेदन आणि त्याने सांगितलेले प्रायश्चित्त. गंभीर पापे वर्षातून एकदा तरी निवेदन करावीत, हा नियम 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने घालून दिला. निवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणत्याही कारणासाठी उघड करू शकत नाही. अनेक वर्षांनी जाणाऱ्याने एवढेच म्हणावे की पुष्कळ काळ मी आलो नाही आणि सुरुवात कशी करायची ते मला आठवत नाही. पुढचे धर्मगुरू सांगतील.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवाजवळ केली जाते, कारण देव व मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे. परंतु याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करा असेही सांगितले आहे, आणि प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनेही खासगी कबुली टाकून दिली नव्हती. जे पाप अनेकदा एकट्याने देवाला सांगूनही सुटत नाही, ते एका विश्वासू माणसाला सांगितल्यावर पुष्कळदा सैल होते. माणूस निवडताना तो मोठ्या पदावर आहे का हे पाहू नये. त्याला स्वतःच्या पापाची ओळख आहे का, तो तोंडाने घट्ट आहे का, आणि तो तुम्हांला खरे बोलेल का, हे पाहावे. शक्यतो स्त्रीने स्त्रीजवळ आणि पुरुषाने पुरुषाजवळ बोलावे. सोशल मीडियावर कबुली देऊ नये. तिथे क्षमा करण्याचा अधिकार कोणालाच नसतो आणि गोष्टीत गुंतलेल्या इतरांची अब्रू मात्र जाते.

नुकसान भरून द्यावे

भरपाईने क्षमा विकत घेता येत नाही. जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या घरी येशू आधी गेला. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे जक्कय त्यानंतर बोलला. पण क्षमा मिळाली म्हणून भरपाई टळते असेही नाही. गणनेच्या 5व्या अध्यायात अपराध कबूल करून मूळ रकमेत पाचवा हिस्सा मिळवून परत द्यावे असा नियम आहे, आणि वेदीपाशी असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले.

क्षमा मागताना काय केले ते सांगावे, त्यामुळे समोरच्याला काय सोसावे लागले ते आपल्याला कळले आहे हे सांगावे, काय परत करणार आहोत ते सांगावे, आणि थांबावे. ‘तुम्हांला वाईट वाटले असेल तर’ असे म्हणू नये; वाईट वाटलेच आहे. ‘ख्रिस्ती म्हणून तुम्ही मला क्षमा केली पाहिजे’ हे तर कधीच म्हणू नये. समोरच्याला वेळ लागेल, कदाचित तो भेटणारही नाही, आणि तो त्याचा अधिकार आहे. काही वेळा सगळे सांगून टाकल्याने आपले ओझे उतरते पण निरपराध माणसावर ते नव्याने पडते; अशा वेळी आधी पाळकांचा किंवा धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा. पाप हा कायद्याने गुन्हा असेल, विशेषतः लहान मुलाविरुद्ध घडलेला, तर मंडळीत गुपचूप माफी मागून तो मिटवता येत नाही. त्याची कायदेशीर जबाबदारी स्वीकारणे हाच तिथे पश्चात्ताप आहे. दाविदाला क्षमा मिळाली, तरी त्याच्या घरातले परिणाम त्याला भोगावेच लागले.

क्षमा झाली हे मानावे

आपण आपली पापे पदरी घेतली तर देव क्षमा करील, कारण तो विश्वासू व न्यायी आहे, असे योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. क्षमा देवाच्या स्वभावावर आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभावर टेकलेली आहे, आपल्याला कसे वाटते यावर नाही. मन हलके व्हायला महिने लागू शकतात.

इब्री लोकांस पत्राचा 6वा अध्याय वाचून अनेकजण घाबरतात, कारण तिथे पतन पावलेल्यांना पश्चात्तापाकडे पुन्हा आणणे अशक्य आहे असे म्हटले आहे. हा इशारा गंभीर आहे आणि त्याला सौम्य करून सांगू नये. पण ख्रिस्तसभेने तो परत येऊ पाहणाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासाठी वापरला नाही. इसवी सन 250च्या सुमारास सम्राट डेशियसच्या हुकुमाने सर्वांना रोमी देवांपुढे यज्ञ करणे भाग पडले, तेव्हा पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केले, तर काहींनी न करताच केल्याचे दाखले विकत घेतले. छळ ओसरल्यावर हे लोक परत येऊ लागले. रोममधील धर्मगुरू नोव्हेशियनने त्यांना परत घ्यायचे नाही असा आग्रह धरला. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि 251 सालची तिथली परिषद यांनी प्रत्येकाचा अपराध तपासून, प्रायश्चित्तानंतर परत घेण्याचा मार्ग काढला, आणि ख्रिस्तसभा त्याच मार्गाने गेली. पुढे 325 सालच्या निकिया परिषदेने सक्तीवाचून विश्वास सोडलेल्यांना एकूण 12 वर्षांचे प्रायश्चित्त लावले. शिस्त कडक होती, तरी परतीची वाट खुली होती, आणि मरणोन्मुख माणसाला प्रभुभोजन नाकारू नये असेही त्याच परिषदेने ठरवले. मार्क 3मधील अक्षम्य पापाची भीती ज्याला रात्रंदिवस छळते, त्याने हे पाहावे की येशूने तो इशारा पवित्र आत्म्याच्या कामाला सैतानाचे काम म्हणणाऱ्यांना दिला होता, क्षमेसाठी रडणाऱ्यांना नाही.

कबूल केलेले तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करावेसे वाटणे हा एक वेगळा त्रास आहे. पुढे जेझुइट संघाचा संस्थापक झालेल्या इग्नेशियस लोयोलाने 1522 साली मोन्सेरात येथे तीन दिवस घेऊन सगळ्या आयुष्याचे पापनिवेदन केले, तरीही पुढे मान्रेसात काहीतरी राहून गेल्याच्या शंकेने त्याला पोखरले. अशा माणसाने एकच मार्गदर्शक ठेवावा, त्याने ‘हे पुन्हा सांगू नको’ म्हटले की ते ऐकावे, आणि त्रास थांबत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.

पुन्हा तेच पाप झाले तर

पुन्हा वळावे, आणि या वेळी वाट बंद करावी. दारू असेल तर ती घरात ठेवू नये, अश्लील चित्रे असतील तर फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा, जुगार असेल तर पैशांचा व्यवहार दुसऱ्याच्या हाती द्यावा. उजवा हात पापास प्रवृत्त करत असेल तर तो तोडून टाक, या येशूच्या शब्दांतली निकड इथे लागू पडते. व्यसन जडले असेल तर उपचार घ्यावेत. नुसत्या निश्चयावर विसंबू नये. ख्रिस्ती माणसाचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, हा लूथरच्या 1517च्या प्रबंधांतला पहिलाच मुद्दा होता.

आपल्याला क्षमा हवी असेल तर आपणही क्षमा करायची आहे. मत्तय 18मधील दासाला दहा हजार तलांतांचे कर्ज माफ झाले होते आणि त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. मात्र क्षमा करणे म्हणजे मारणाऱ्याच्या किंवा फसवणाऱ्याच्या हाती पुन्हा सापडणे नव्हे. मनातला सूड सोडून देता येतो आणि अंतरही राखता येते.

मंडळीत परत जाताना

पहिल्या रविवारी साक्ष देण्याची घाई करू नये. मागच्या बाकावर बसावे, गावे, वचन ऐकावे, आणि प्रभुभोजन कधी घ्यायचे ते पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोलून ठरवावे. पूर्वी एखादे पद असेल, शिकवण्याचे किंवा पैसे सांभाळण्याचे, तर ते लगेच मागू नये. क्षमा तत्काळ मिळते, पण माणसांचा विश्वास पुन्हा जडायला काळ लागतो आणि त्यात अन्याय नाही.

जे आधीपासून मंडळीत आहेत त्यांच्यावरही एक जबाबदारी आहे. शिक्षा झालेल्या माणसाला आता क्षमा करा व धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल, असे पौलाने करिंथकरांना बजावले होते. परत आलेल्याला इतके दिवस कुठे होतास असे चारचौघांत विचारू नये, त्याची गोष्ट प्रार्थनेच्या निमित्ताने इतरांना सांगू नये. त्याच्या शेजारी बसावे. पुढच्या रविवारी तो दिसला नाही तर सोमवारी त्याला फोन करावा.